श्वास कोणाचा? डिमेलो यांच्या ‘साधना’विषयी

मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांच्या ‘साधना’ (१९७८) या इंग्रजी ग्रंथातील श्वासावधानाचे पाठ सामान्यतः पौर्वात्य मानले जातात. योग, झेन आदींतून लाभणारी स्वस्थता म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन नव्हे, असे व्हॅटिकनच्या १९८९ च्या पत्राने बजावले. परंतु जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकातच श्वासागणिक प्रार्थनेचा एकेक शब्द मनात घोळवण्यास सांगितले होते. १९९८ च्या व्हॅटिकन-सूचनेने डिमेलोंचे प्रारंभीचे लेखन ख्रिस्ती चौकटीतले मानले, तरी त्यातील काही उताऱ्यांत श्रद्धेपासूनचा दुरावा पाहिला. येथे, माझ्या मते, वाङ्मयप्रकाराची गल्लत होते: ‘साधना’ आज्ञार्थी वाक्यांत रचलेली, करून पाहण्याची पुस्तिका आहे; सिद्धान्तग्रंथ नव्हे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या प्रवचनांची गोष्ट निराळी. तेथे थेट विधाने आहेत, आणि त्यांवरील आक्षेप इतक्या सहज बाजूला सारता येत नाही.