हद्दपार स्त्रीची दोन रूपे : मार्गारेट कॅचपोलची पत्रे आणि कोबोल्डची कादंबरी

दंडवसाहतीत पाठविलेल्या कष्टकरी स्त्रीचे जीवन आपल्यापर्यंत बहुधा परक्या लेखणीतून पोहोचते. न्यायालयीन नोंद, जहाजावरील यादी किंवा अधिकाऱ्याचा शेरा यांत ती केवळ विषय असते, निवेदक नसते. मार्गारेट कॅचपोल (१७६२–१८१९) हा याला महत्त्वाचा अपवाद आहे. तिची पत्रे उपलब्ध आहेत आणि तिच्यावर लिहिलेली एक अतिशय लोकप्रिय कादंबरीही. या दोन संहिता परस्परांशेजारी ठेवल्या असता, एका स्त्रीच्या जीवनाला 'कथा' म्हणून मान्यता मिळण्यासाठी त्यातून काय वगळावे लागते, हे स्पष्ट होते.

मार्गारेट इंग्लंडमधील सफक परगण्याची. १७९३ पासून ती इप्सविच येथील मद्यनिर्माते जॉन कोबोल्ड यांच्या घरी नोकरीस होती. तिथेच, लेखिका असलेल्या एलिझाबेथ कोबोल्ड यांच्या आश्रयाने, तिला अक्षरओळख झाली. नोकरी सुटल्यानंतर १७९७ मध्ये तिने कोबोल्ड यांचाच घोडा चोरून सुमारे सत्तर मैल दौडत लंडन गाठले. फाशीची शिक्षा सात वर्षांच्या हद्दपारीत बदलली गेली. पण १८०० मध्ये कपडे वाळत घालण्याच्या दोरीच्या साहाय्याने तुरुंगाची भिंत ओलांडून ती पळाली. पुन्हा पकडली गेल्यावर पुन्हा फाशी, आणि त्याऐवजी आजन्म हद्दपारी. डिसेंबर १८०१ मध्ये 'नाइल' जहाजाने ती सिडनीस उतरली.

एलिझाबेथ यांचे पुत्र, धर्मोपदेशक रिचर्ड कोबोल्ड यांनी १८४५ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली आणि ती सत्यकथा असल्याचा दावा केला. या कादंबरीत चोरी आणि पलायन या दोन्ही कृतींमागे विल्यम लॉड हा चोरटा व्यापार करणारा खलाशी-प्रियकर आहे. लॉडच्या ऐतिहासिक अस्तित्वाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या रचनेचा अर्थ लपत नाही. पस्तिशीतल्या एका मोलकरणीने स्वतःच्या निर्णयाने घोड्यावर मांड ठोकावी, हे निवेदकाला पेलत नाही. म्हणून अपराधाला प्रेमाचे कारण पुरवावे लागते. प्रेम हे कारण मिळाले की अपराधिनी क्षम्य होते, आणि क्षम्य झाली की तिचा शेवट विवाहात करता येतो. कादंबरीतील मार्गारेट ऑस्ट्रेलियात प्रतिष्ठित गृहिणी होऊन १८४१ मध्ये मरण पावते. प्रत्यक्षात ती अविवाहित राहिली आणि १८१९ मध्ये एका आजारी मेंढपाळाची शुश्रूषा करताना इन्फ्लुएंझा जडून वारली.

पत्रांतील विश्व वेगळ्याच आधारावर उभे आहे. तिथे केंद्रस्थानी श्रम आहेत : स्वयंपाक, सुईणपण, शेतीची देखरेख, मेंढ्या. वस्तूंचे भाव, हॉक्सबरी नदीचे पूर, पिकांचा नाश यांच्या नोंदी ती सलग, विरामचिन्हांवाचून, सफकच्या उच्चारानुसार लिहीत जाते. हे अशुद्धलेखन म्हणजे तिच्या बोलीचे लिखित अस्तित्वच होय. कादंबरीत ही पत्रे येतात ती सुसंस्कृत भाषेत. म्हणजे तिच्या आयुष्याबरोबर तिच्या वाक्याचेही परिमार्जन होते.

तथापि, कादंबरी खोटी आणि पत्रे निखळ सत्य, अशी विभागणी भाबडी ठरेल. ज्या घरातील घोडा चोरला त्याच घरच्या मालकिणीला मार्गारेट लिहिते. कृतज्ञता ही तिथे भावना आहे, तशी पत्रलेखनाची अटही आहे. हद्दपार स्त्री म्हणजे पतित स्त्री, असे समीकरण रूढ असलेल्या वसाहतीतून लिहिताना आपल्या एकटेपणाची आणि सचोटीची ग्वाही देणे तिला भाग होते. आणि तिथल्या मूळ रहिवाशांविषयी ती लिहिते तेव्हा स्वतः दंडित असलेली ही स्त्री वसाहतवाद्यांच्याच भयाने आणि दुराव्याने पाहते. सत्तेने पिडलेली व्यक्ती सत्तेच्या दृष्टीपासून मुक्त असतेच असे नाही.

'माझी जन्मठेप'सारख्या राजबंद्याच्या आत्मकथनातून काळ्या पाण्याची कल्पना घडलेल्या मराठी वाचकाला ही पत्रे कदाचित फिकी वाटतील. त्यांत विचारप्रणाली नाही, हौतात्म्य नाही. परंतु शिक्षेच्या आत रोजचे जगणे कसे उभारले जाते, हे त्यांतूनच कळते. १८१४ मध्ये माफी मिळूनही ती मायदेशी परतली नाही. कादंबरीला या निर्णयासाठी पती लागतो. पत्रांतील मार्गारेटला तिचे काम पुरेसे आहे.