साचा घरांचा, साचा माणसांचा

काही वस्त्यांच्या नशिबी जन्मतःच दुष्कीर्ती लिहिलेली असते. जुने शहर गलिच्छ असले तरी त्याच्या मदतीला इतिहास धावून येतो. खेडे गैरसोयीचे असले तरी त्याची बाजू घ्यायला कवी तयार असतात. उपनगराला मात्र कोणी वाली नाही. सोऱ्यातून चकल्या पाडाव्यात तशी पाडलेली घरे आणि त्या घरांतून ठरावीक गाडी पकडायला निघणारी एकसारखी माणसे, असे त्याचे वर्णन करून लेखक मोकळे होतात. हे वर्णन इतक्यांदा झाले आहे की, आता ते वर्णनच साच्यातून काढल्यासारखे वाटू लागले आहे.

या आरोपात तथ्य किती, हे पाहायचे तर तो जिथे सर्वांत मोठ्याने केला गेला तिथेच जायला हवे. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील लेव्हिटटाऊन.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत घरांची टंचाई भयंकर होती. लढाईवरून परतलेले जवान बायकामुलांसह आईबापांच्या किंवा सासुरवाडीच्या घरी कोंडवाड्यासारखे राहत होते. अशा वेळी लेव्हिट बापलेकांच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरची बटाट्याची शेते विकत घेतली आणि १९४७ ते १९५१ या काळात तिथे १७,४४७ घरे उभी केली. बांधकामाची सव्वीस-सत्तावीस कामांत वाटणी केली होती आणि प्रत्येक टोळीने आपले तेवढेच काम करून पुढच्या घराकडे सरकायचे होते. कारखान्यात माल सरकतो आणि माणसे जागेवर असतात. इथे माल जागेवर राहिला आणि माणसे सरकली. ऐन भरात दिवसाला तीसहून अधिक घरे तयार होत. घर सुमारे ७५० चौरस फुटांचे. दोन निजायच्या खोल्या, एक दिवाणखाना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि वर छपराखाली अर्धवट सोडलेला माळा. १९४९ साली आलेल्या नव्या नमुन्याची किंमत ७,९९० डॉलर होती. माजी सैनिकाला हाती भांडवल नसतानाही ते घेता येत असे.

या घरांबरोबर नियमही आले. कुंपण घालायचे नाही. गवत दर आठवड्याला कापायचे. कपडे दोरीवर वाळत टाकायचे नाहीत, ठरवून दिलेल्या फिरत्या दांडीवरच टाकायचे, आणि तेही शनिवार-रविवारी नाही. आपल्या गॅलऱ्यांतून फडफडणारी लुगडी आणि धोतरे पाहून लेव्हिटसाहेबांना काय वाटले असते, कोण जाणे!

टीकाकारांना हे आयतेच मिळाले. नगररचनेचे थोर अभ्यासक लुई मम्फर्ड यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा उपनगरांवर कोरडे ओढले. एकसारखी घरे, एकसारख्या अंतरावर, एकसारख्या रस्त्यांवर. आणि त्यांत एकाच वयाचे, एकाच मिळकतीचे लोक, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी माल्व्हिना रेनॉल्ड्स या कवयित्रीने ‘लिट्ल बॉक्सेस’ हे गाणे रचले. ते लेव्हिटटाऊनवरचे नव्हे, कॅलिफोर्नियातील डेली सिटीवरचे. मोटारीने त्या बाजूने जात असताना तिला टेकडीवरच्या घरांच्या ओळी दिसल्या आणि गाणे सुचले. पीट सीगरच्या गळ्यातून ते सर्वतोमुखी झाले, आणि तेव्हापासून उपनगर म्हणजे तकलादू डब्यांची रांग हे समीकरण पक्के झाले.

गाणे म्हणून ते चांगलेच आहे, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. त्याची चाल लहान मुलांच्या बडबडगीतासारखी आहे आणि त्यातला डंख मोठ्यांसाठी आहे. शिवाय त्याचा खरा रोख भिंतींवर नाही. त्याच शाळा, तीच कॉलेजे, तेच व्यवसाय आणि त्याच व्यवसायांसाठी तयार होणारी पुढची पिढी, हा साचा तिला दाखवायचा आहे. परंतु पुरावा म्हणून ती पुढे करते घरांना. घरे सारखी, म्हणून माणसे सारखी! इथे तर्काने एक मोठी उडी घेतली आहे आणि चालीच्या गोडव्यात ती आपल्या ध्यानात येत नाही.

मी शिक्षक आहे. जून महिन्यात नवा वर्ग समोर येतो तेव्हा एकाच गणवेशातली पन्नास-साठ मुले खरोखरच एकसारखी दिसतात. गणपती येईपर्यंत त्यांतले एकही दुसऱ्यासारखे उरलेले नसते. गणवेश तोच असतो. फरक एवढाच की, मधल्या काळात आपण त्यांच्या वह्या तपासलेल्या असतात. टेकडीवरच्या घरांच्या वह्या मोटारीतून तपासता येत नाहीत.

हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञाने मात्र त्या तपासल्या. लेव्हिटने न्यू जर्सीत तिसरी वसाहत सुरू केली, तेव्हा १९५८ साली अगदी पहिल्या रहिवाशांबरोबर तो तिथे राहायला गेला आणि दोन वर्षे राहिला. शेजाऱ्यांच्या बैठकांना जाऊन, शाळेवरून आणि करांवरून होणारी भांडणे ऐकून त्याने जे टिपले, ते १९६७ साली ‘द लेव्हिटटाऊनर्स’ या पुस्तकात प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, उपनगरात आल्यामुळे माणूस फारसा बदलत नाही. जी आवड, जो धर्म, जे राजकारण घेऊन तो येतो, तेच तिथे जोपासतो. धडपड्या धडपडत राहतो, घरकोंबडा घरात बसतो. शाळा कशी असावी यावर त्या एकसारख्या घरांतल्या लोकांचे एकमत म्हणून होईना.

गॅन्सचा प्रामाणिकपणा असा की, त्याने उणिवाही लपविल्या नाहीत. तरुण मुलांना संध्याकाळी जायला जागा नव्हती. ती कंटाळून जात. आईची, बहिणींची सवय असलेल्या काही बायका एकाकी पडल्या. ही दुःखे खरी आहेत. पण ती अंतरांची आणि सोयींच्या अभावाची दुःखे आहेत. घरांचे आकार निरनिराळे असते तरीही ती तशीच राहिली असती.

शिवाय ती घरेही सारखी राहिली नाहीत. अर्धवट सोडलेल्या माळ्यांवर खोल्या झाल्या. छपरे उचलली गेली, मागे पडव्या निघाल्या. बार्बरा केली यांनी १९९३ साली पहिल्या लेव्हिटटाऊनच्या याच घडामोडीवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. मूळ रूपातले घर तिथे आता शोधूनच काढावे लागते. टीकाकारांनी पहिल्या दिवशी घेतलेले छायाचित्र कायमचे मानले, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी वाचकाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबईत सरकारी विकास खात्याने १९२० नंतरच्या काळात बांधलेल्या बीडीडी चाळी म्हणजे साच्याचा कळसच. एकूण २०७ इमारती. प्रत्येकीत ऐंशी खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. पण त्या चाळींतून कामगारांची एकाच छापाची पिढी बाहेर पडली, असे म्हणायला कोण धजेल? आणि पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली, ती आपण घरोघर वाचली ती काय खोल्यांच्या मापासाठी? बिऱ्हाडे भिंतीला भिंत लावून आणि माणसे मात्र एकेक नग, यातच तर त्या पुस्तकाची सारी गंमत आहे. साचेबंद जागेतले वाङ्मय साचेबंद असते असे नाही. लेखक जिना चढून वर गेला आहे की नाही, यावर ते अवलंबून असते.

तर मग उपनगर निर्दोष ठरले का? मला तसे वाटत नाही. त्याच्यावर एक आरोप शाबीत होतो. फक्त तो गाण्यातला नव्हे.

पहिल्या लेव्हिटटाऊनच्या भाडेकरारात कपडे आणि गवत यांच्यासारखेच आणखी एक कलम होते. गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणाही माणसाला या घरात राहता येणार नाही, नोकर म्हणून असेल तर गोष्ट वेगळी, असे ते कलम. कृष्णवर्णीय सैनिक त्याच युद्धातून, तोच गणवेश उतरवून परतला होता. त्याला मात्र हे दार बंद. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांना करता येणार नाही असा निर्णय दिला. कलम गेले, पण वहिवाट गेली नाही.

१९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हानियातील दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य आपल्या तीन मुलांना घेऊन राहायला आले. विल्यम माजी सैनिक होता. त्यांनी घेतलेले घर त्या रस्त्यावरच्या इतर घरांसारखेच होते. तरीही त्याच्यासमोर रात्रीमागून रात्री जमाव जमू लागला. खिडकीवर दगड आले. राज्याचे पोलीस आणावे लागले. त्याच वेळी शेजारचे वेक्स्लर दांपत्य मायर्स कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले, आणि आणखीही काही रहिवासी धीराने पुढे आले. घरांचा साचा एक असूनही त्यांत दगड मारणारे होते आणि दगड झेलायला पुढे होणारेही होते. पुढे न्यू जर्सीच्या वसाहतीत तर कायद्याच्या दट्ट्यामुळे १९६० साली कृष्णवर्णीय कुटुंबांना दार उघडावे लागले.

या अन्यायाविरुद्ध लढणारे लोक होते. खुद्द लेव्हिटटाऊनमध्ये होते. पण लोकांच्या ओठांवर बसले ते डब्यांचे गाणे. याचे कारण उघड आहे. घरे सारखी दिसतात हे डोळ्यांना दिसते आणि त्यावर हसता येते. आत कोणाला घेतले नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. कारण जो आत नाही, तो दिसणार कसा? विटांचा साचा कालांतराने मोडला. माणसे निवडण्याचा साचा मोडायला न्यायालये लागली, पोलीस लागले, आणि एका आईला आपली तान्ही मुलगी घेऊन दगडांच्या भीतीत रात्री काढाव्या लागल्या.

हे अमेरिकेचे म्हणून आपण हळहळून बाजूला ठेवावे, अशी आपली स्थिती नाही. परदेशातून विद्वत्ता संपादन करून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याला संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. उतरलेल्या जागेतून त्यांना हुसकावले गेले आणि शेवटी नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. मुंबईत त्यांचा संसार आणि त्यांचे कार्य १९३४ पर्यंत परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, शेजारच्यांसारख्याच दोन खोल्यांत चालले होते. साच्याच्या खोल्यांनी त्यांच्या प्रतिभेला आडकाठी केली नाही. आडकाठी केली ती दारे लावून घेणाऱ्यांनी. आजही घर पाहायला गेलेल्या माणसाला आधी आडनाव विचारले जाते, मग स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारले जाते. भाडे किती परवडेल हा प्रश्न त्यानंतर येतो.

म्हणून माझा निवाडा असा: घरे एकसारखी असल्याबद्दल उपनगराला नावे ठेवू नयेत. ज्याला पहिल्यांदाच स्वतःचे छप्पर मिळते, त्याला ते शेजाऱ्याच्या छपरासारखे आहे याचे वाईट वाटत नाही. त्या सारखेपणातच त्याची ऐपत असते; आणि दिवाळीला तो आपल्या आवडीचा कंदील लावून घर ओळखीचे करून घेतो. उपनगरावर लिहू पाहणाऱ्या लेखकाला मात्र एक विनंती आहे. खिडक्या मोजत बसू नका. इमारतीत शिरा, आणि जिन्याखाली रहिवाशांच्या नावांचा फलक असतो तो सावकाश वाचा. ती वस्ती साच्याची आहे की नाही, ते तिथे लिहिलेले असते.