खुब्यातला रॉड आणि शंभर गुणांची पट्टी

राजापेठेतल्या या व्याख्यानात तत्त्वज्ञानवाला रॉडविषयी काय बोलणार, असं वाटू शकतं. पण प्रश्न आपल्याच घरचा आहे: ‘अधिक चांगलं’ कशावरून ठरवायचं?

म्हातारं माणूस न्हाणीत घसरतं, खुब्याखालच्या हाडाचे तीन-चार तुकडे होतात. मग मांडीच्या हाडाच्या पोकळीत रॉड घालतात. पीएफएन रॉडमधून खुब्याच्या गोळ्यात दोन स्क्रू जातात. ठिसूळ हाडात कधी एक स्क्रू आत शिरतो, दुसरा मागे सरकतो. हाच ‘झेड इफेक्ट’. नंतर आलेल्या पीएफएनएमध्ये दोहोंऐवजी एकच पीळदार पातं असतं. ते हाड कोरून काढण्यापेक्षा भोवतालचं हाड दाबून घट्ट करतं. कल्पना चांगलीच आहे. पण हे पातंही कधी गोळा फोडून बाहेर येतं.

आता तुलना कशी होते ते पाहू. ऑपरेशनला किती मिनिटं लागली, रक्त किती गेलं, एक्स-रे किती वेळ वापरला, हे मोजतात. म्हाताऱ्या जीवाला त्याचं महत्त्व आहेच. शेवटी येतो हॅरिस हिप स्कोअर. बोस्टनच्या विल्यम हॅरिस यांनी 1969 मध्ये तो मांडला, तोही दुसऱ्याच प्रकारच्या रुग्णांसाठी. एकूण 100 गुण: वेदनेला 44, हालचाल-वावराला 47. खुर्चीवर तासभर आरामात बसता आलं तर 5, बूट-मोजे घालता आले तर 4, सार्वजनिक वाहनात चढता आलं तर 1.

दर्यापूरहून एसटीनं अमरावतीला येणाऱ्या आजीला तो एकच गुण! आणि उकिडवं बसणं, मांडी घालून पंगतीत जेवणं, जमिनीवरून उठणं, यांचा प्रश्नच त्या पट्टीत नाही.

कुणी म्हणेल, पट्टी सगळीकडे एकच असली तरच जगभरची तुलना जमते. शिवाय मोडलेल्या खुब्यानं उकिडवं बसूच नये. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. म्हणून पट्टी फेकून द्या, असं आमचं म्हणणं नाही. पण जे विचारलंच नाही, त्यात दोन रॉड सारखेच ठरले, असा निष्कर्ष निघत नाही. हॅरिसच्या जोडीला आपल्या घरातले चार प्रश्न ठेवायला काय हरकत आहे?

तोवर नातेवाइकांनी ‘महागातला कोणता?’ एवढंच विचारून थांबू नये. पडण्याआधी आजी काय काय करत होती, ते डॉक्टरांना सांगावं आणि त्यातलं किती परत मिळेल, ते विचारावं.