ठासणीच्या रिव्हॉल्वरची माशी : बदलायची की वाचायची?

दर वर्षी २ ऑगस्ट जवळ आला, की सिल्वासात १९५४ च्या मुक्तिसंग्रामाच्या गप्पा निघतात आणि हटकून शस्त्रांवर येतात. मग कुणीतरी ठासणीच्या जुन्या रिव्हॉल्वरचा विषय काढतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, “दिसायला झकास, पण नेमाला बेकार. माशी बदलली की काम झालं!” १९५४ पर्यंत काळ्या दारूचा जमाना संपून अर्धं शतक उलटलं होतं, हे सोडून देऊ. माझा आक्षेप ‘माशी बदलली की काम झालं’ यावर आहे. कारण त्यावर विश्वास ठेवून मी स्वतः एकदा कानस चालवली आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा छोटा उंचवटा म्हणजे माशी. ती मागच्या खाचेत बरोबर मधोमध दिसली, की नेम लागला म्हणायचं. १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्वरची नळी साडेसात इंची आणि कॅलिबर .३६. दारू आणि गोळी सिलिंडरमध्ये पुढून ठासायची, मागे तांब्याच्या टोप्या बसवायच्या. या रिव्हॉल्वरची मागची खाच सांगाड्यावर नाही, चक्क घोड्याच्या माथ्यावर आहे. घोडा ताणला तरच ती जागेवर येते, आणि चाप ओढताच घोड्याबरोबर निघून जाते!

या रिव्हॉल्वरवरची नेहमीची तक्रार म्हणजे गोळी नेमाच्या वर लागते. ते खरं आहे. माशी बुटकी, त्यामुळे तिला खाचेच्या पातळीत आणताना नळीचं तोंड वर उचललं जातं. उपाय सरळ आहे, माशी उंच करा. किती, हे त्रैराशिकाने निघतं. खाच ते माशी अंतर २५० मिलिमीटर धरू. २५ मीटरवर गोळी २०० मिलिमीटर वर लागत असेल, तर माशी २ मिलिमीटर उंच हवी. नळीत आडवी डव्हटेल खाच कापून पितळेची माशी बसवली, तर ती डावी-उजवीकडेही सरकवता येते. एक नियम मात्र लक्षात ठेवायचा. गोळी ज्या बाजूला न्यायची, त्याच्या उलट दिशेला माशी सरकवायची. मागच्या खाचेचं उलट, ती गोळीच्याच दिशेने.

इथवर सगळे बरोबर सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही.

कारखान्यात पहिला धडा असतो : माप कुठून घेतोस ते आधी सांग. कोल्टमध्ये माशी नळीवर, आणि नळी सांगाड्याला एका पाचरेने जखडलेली. खाच घोड्यावर, घोडा सांगाड्यात एका स्क्रूवर डुलणारा. म्हणजे नेमाचे दोन बिंदू दोन वेगळ्या तुकड्यांवर, मध्ये पाचरेचा आणि स्क्रूचा ढिलेपणा. घोडा बाजूला नुसता ०.१ मिलिमीटर हलला, तर त्याच हिशोबाने २५ मीटरवर १ सेंटिमीटर गेला. पाचर सैल असताना माशी बदलणं म्हणजे पाया हलत असताना खिडकीला रंग देणं. आधी पाचर आणि घोडा घट्ट करा, मग माशीकडे वळा. खाच नळीच्याच मागच्या टोकावर बसवली तर दोन्ही बिंदू एका तुकड्यावर येतात, पण त्यांच्यातलं अंतर घटतं आणि डोळ्याची चूक वाढते. रेमिंग्टनच्या बनावटीत सिलिंडरवरून सलग लोखंडी पट्टी जाते आणि नेमाची चर तिच्यातच कोरलेली असते. अभियंता म्हणून माझं मत विचाराल, तर या बाबतीत रेमिंग्टन सरस.

दारूचं मापही आहेच. दारू कमी घातली तर गोळी सावकाश निघते, तोवर धक्क्याने नळी अधिक उचलली जाते आणि गोळी वर लागते. म्हणून घासून जुळवलेली माशी एकाच मापाला खरी.

मग कोल्टने चूक केली का? कागदी निशाण्याच्या कसोटीवर, हो. पण त्या काळातलं हे हत्यार मुख्यतः जवळच्या झटापटीचं होतं. आपल्याकडची दोन उदाहरणं घ्या. हत्यारांची जात वेगळी असेल, पण अंतर पाहा. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर झाडलेल्या गोळ्या बग्गीला खेटून. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर झाडलेल्या हातभरावरून. त्या अंतरावर माशी पाहतो कोण? ‘नेमाला बेकार’ हा शेरा आपल्या काळाचा आहे, हत्याराच्या नव्हे.

आता माझी कानस. ओळखीतल्या एका घरी जुनं टोप्यांचं रिव्हॉल्वर होतं, बार कायमचा बंद केलेलं, नुसतं शोभेचं. माशी झिजलेली. “साहेब, जरा नीट बसवून द्या ना!” मी वर्कशॉपमध्ये जुनी माशी घासून काढली, नवी उंच बसवली. सुरेख काम झालं. इतिहासाच्या नादाला लागलो त्यानंतर काही वर्षांनी, आणि तेव्हा आठवलं की जुनी माशी डाव्या बाजूलाच झिजली होती. रोज होल्स्टरमध्ये घालून-काढून तशी झीज होते. ते रिव्हॉल्वर पेटीत पडून होतं की कुणाच्या कमरेला वर्षानुवर्षं होतं, याचा त्या घरातला तेवढाच पुरावा होता. तो मी फुंकर मारून टेबलावरून उडवला. जी गोळी कधी सुटणारच नव्हती, तिच्या नेमासाठी!

म्हणून माझा निकाल असा. इटलीत आज तयार होणाऱ्या नकलांवर, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, खुशाल उंच माशी बसवा. २५ मीटरवर फरक दिसेल. ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही अस्सल आणि नक्कल हे वर्ग वेगळे ठेवतात, ते उगाच नाही. पण अस्सल वस्तू हाती आली, तर कानस खाली ठेवा आणि व्हर्नियर उचला. माशीची उंची, दोन्ही बाजूंची झीज, पाचरेवरचे हातोडीचे घाव, सगळं मोजा, फोटो काढा, लिहून ठेवा. वाकडी माशी पुन्हा सरळ करता येते. घासलेली परत येत नाही.