आजार परतला, की गोळी सुटल्याचा त्रास?

२०२१ चा 'अँटलर' हा ब्रिटिश अभ्यास वाचा. नैराश्याच्या गोळ्या घेणारे, पण आता बरं वाटणारे ४७८ रुग्ण. डबल-ब्लाइंड, म्हणजे रचना भक्कम. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्या ३९ टक्के, तर बंद केलेल्या ५६ टक्के लोकांचं नैराश्य परतलं. निष्कर्ष सरळ वाटतो ना?

आता पद्धतीचा भाग उघडा. बहुतेकांनी वर्षानुवर्षं घेतलेली गोळी जास्तीत जास्त दोन महिन्यांत बंद केली. गोळी सुटताना झोप उडते, बेचैनी, चिडचिड होते. नैराश्यातही हेच होतं. मग नेमकं मोजलं काय? माझ्या मते, हा पेपर दोन्ही पुरते वेगळे करत नाही.

म्हणून आकड्याआधी डोस किती वेगाने उतरवला ते बघा. आणि स्वतः गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.