खुनी आणि त्याचे न्यायाधीश

रहस्यपटाकडे आमच्या सुशिक्षित वर्गाची दृष्टि बहुधा उपेक्षेची असते. दोन घटका जीव मुठींत धरून बसावें आणि खुनी सांपडला कीं घरीं जाऊन निश्चिंत झोंपावें, यापलीकडे त्यापासून कोणी कांहीं अपेक्षीत नाहीं. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकानें १९३१ सालीं जर्मनींत काढलेला ‘एम्’ हा बोलपट मात्र प्रेक्षकास ही निश्चिंती लाभूं देत नाहीं. खुनी कोण, हें त्यांत फार वेळ झांकून ठेविलेलेंच नाहीं. रहस्य आहे तें त्याच्या मनाचें. आणि त्याहूनही अधिक, त्याचा न्याय करावयास बसलेल्या आपल्या मनाचें.

कथानक थोडक्यांत असें : एका मोठ्या शहरांत लहान मुलांचे खून होत आहेत. पोलिसांच्या रोजच्या धाडींमुळें चोर-दरोडेखोरांचा धंदा बसला आहे. तेव्हां गुन्हेगारांची संघटनाच भिकाऱ्यांच्या साहाय्यानें खुन्यास पकडते आणि एका बंद पडलेल्या मद्याच्या कारखान्याच्या तळघरांत त्याच्यावर खटला चालविते.

लांगच्या कलेचें पहिलें मर्म हें कीं, तो अपराध दाखवीतच नाहीं. एल्सी नांवाची मुलगी शाळेंतून परततांना एका खांबावर चेंडू आपटीत उभी आहे. खुन्यास धरून देणारास १०,००० मार्कांचें बक्षीस जाहीर करणारें पत्रक त्याच खांबावर लाविलेलें आहे. त्या पत्रकावर एका पुरुषाची सावली पडते आणि ती मुलीशीं गोड शब्दांत बोलूं लागते. इकडे आई ताट मांडून वाट पाहत आहे. ती हांका मारते. हांका ऐकूं येत असतांना आपणांस दिसतो तो निर्मनुष्य जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा माळा आणि रिकामें ताट. मग झुडपांतून चेंडू घरंगळत बाहेर येतो. तिला घेऊन दिलेला फुगा तारांत अडकून क्षणभर धडपडतो. रक्ताचा एक थेंबही पडद्यावर सांडत नाहीं. जें घडलें तें प्रेक्षकास स्वतःच्या मनांत रचावें लागतें. याचा परिणाम केवळ भीतीचा नव्हे. असलें चित्र आपलें मन रंगवूं शकतें, ही जाणीवही त्यासरशी होते.

ध्वनीचा उपयोगही असाच संयमी आहे. हा लांगचा पहिलाच बोलपट. तरी त्यांत पार्श्वसंगीत नाहीं, आणि कांहीं प्रसंग तर अगदीं निःशब्द आहेत. इब्सेनच्या ‘पीअर गिंट’ नाटकासाठीं ग्रीगनें रचलेल्या एका गतीची शीळ तेवढी खुन्याच्या तोंडीं आहे. दुकानाच्या कांचेंत मांडलेल्या सुऱ्यांच्या प्रतिबिंबाची चौकट त्याच्या चेहऱ्याभोंवतीं पडते, त्याच चौकटींत एक मुलगी दिसते, आणि शीळ सुरू होते. ती तो वाजवीत नसून तीच त्यास ओढून नेत आहे, असा भास होतो. पुढें त्यास ओळखतो तो फुगे विकणारा आंधळा, आणि तोही या शिळेवरूनच. त्यानंतर एक तरुण तळहातावर खडूनें ‘एम्’ हें ‘खुनी’ या जर्मन शब्दाचें आद्याक्षर काढून त्याच्या खांद्यावर उमटवितो. पाठीवरचें हें लांछन त्यास आरशांत दिसतें, तेव्हांची त्याची मुद्रा विसरतां येत नाहीं.

पोलिसांची सभा आणि गुन्हेगारांची सभा लांगनें एकींत एक गुंफिली आहे. एकीकडे आरंभिलेला हातवारा दुसरीकडे पुरा होतो. दोन्हीकडे तोच धूर, तीच चिंता. मधला तपासाचा भाग आमच्या मतें कांहींसा रेंगाळतो. परंतु या गुंफणीची फेड तळघरांत होते. ज्याच्या स्वतःच्या शिरावर मनुष्यवधाचा आरोप आहे, तोच तेथें न्यायासनावर आहे. पेटर लोरे या नटानें तेथें जी कबुली दिली आहे, ती या चित्रपटाचा कळस होय. तुम्ही गुन्हे करतां ते आपखुषीनें, माझा मात्र इलाज चालत नाहीं, असा तिचा आशय आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, ही खुन्याची कड घेणें झालें. आम्हांस तसें वाटत नाहीं. एल्सीचें रिकामें ताट आपण विसरलेलों नसतों, आणि विसरावें असें दिग्दर्शकही म्हणत नाहीं. क्षमा करा, असें तो सांगत नाहीं. सूड उगविण्यास उतावीळ झालेल्या जमावांत आपण कोठें बसलों आहों, एवढेंच तो विचारतो. १९३३ सालीं जर्मनींत नाझी सत्तेवर आले, तेव्हां हा प्रश्न कल्पनेंतला राहिला नाहीं. त्याच वर्षीं लांग आणि लोरे दोघांनींही देश सोडला, आणि १९३४ सालीं ‘एम्’वर बंदी आली. पुढें १९४० सालच्या ज्यूद्वेषी प्रचारपटांत, लोरे ज्यू म्हणून, त्याच्या या कबुलीचाच तुकडा कापून घालण्यांत आला. नट तोच, शब्द तेच. पण समोरचे न्यायाधीश कापून टाकतांच करुणा भाकणारें भाषण द्वेषाचें साधन बनलें. चित्रपटांत अर्थ एकट्या दृश्यांत नसून दृश्यांच्या जुळणींत असतो, याचें याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

खऱ्या न्यायालयाचा निकाल लांग आपणांस ऐकवीत नाहीं. काळ्या वस्त्रांतील आयांपैकीं एक एवढेंच म्हणते कीं, यानें आमचीं मुलें परत येणार नाहींत. मुलांना अधिक जपलें पाहिजे. हा शेवट कित्येकांस अपुरा वाटेल. आम्हांस तो प्रामाणिक वाटतो. कारण निकाल ऐकून मोकळें होण्याची सोय त्यानें प्रेक्षकास ठेविलेली नाहीं.