अनायास कृती आणि सम्यक् व्यायाम : 'वू वेइ' या संकल्पनेची एक चिकित्सा

प्राचीन चीनच्या विचारपरंपरेत 'वू वेइ' या संज्ञेला मोठे स्थान आहे. 'वू' म्हणजे नाही आणि 'वेइ' म्हणजे करणे. शब्दशः अर्थ 'न करणे' असा होत असला तरी त्या परंपरेला आळस वा निष्क्रियता अभिप्रेत नाही. ओढाताण न करता, 'मी करतो आहे' हा आविर्भाव न ठेवता, परिस्थितीच्या ओघाशी जुळवून घेत घडणारी कृती, म्हणजेच अनायास कृती, असा तिचा आशय आहे. धकाधकीच्या जीवनावरचा उतारा म्हणून हा विचार आज जगभर सांगितला जातो. धम्माचा स्वीकार केलेल्या माणसाने तो आपल्या नित्य आचरणात कितपत घ्यावा, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ ग्रंथांकडे वळू. लाओत्सेच्या नावावर असलेला 'ताओ ते चिंग' हा सुमारे पाच हजार चिन्हांचा, ८१ प्रकरणांचा लहानसा ग्रंथ. १९७३ साली मावांगदुई येथे इ.स.पू. १६८ मधील थडग्यात त्याच्या रेशमी वस्त्रावरील प्रती मिळाल्या, तर १९९३ साली ग्वोदियान येथे त्याहूनही जुन्या, सुमारे इ.स.पू. ३०० च्या, बांबूच्या पट्ट्या सापडल्या. या ग्रंथातील उपदेशाचा मोठा भाग राज्यकर्त्याला उद्देशून आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. राजाने प्रजेच्या जीवनात ढवळाढवळ करू नये, कर आणि युद्धे यांचा बोजा लादू नये, असे तो सांगतो. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला 'थांब' म्हणणे आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याला 'थांब' म्हणणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. दैनंदिन जीवनासाठी वू वेइचा उपदेश करताना हा भेद बहुधा विसरला जातो.

सामान्य माणसाच्या कामाशी ही संकल्पना जोडली ती च्वांगत्सेने. त्याच्या ग्रंथातील दिंग नावाच्या खाटकाची कथा सर्वश्रुत आहे. राजासमोर बैल कापताना त्याची सुरी तालात चालते. राजा थक्क होतो. दिंग सांगतो की, आरंभी त्याला समोर नुसता बैल दिसे. तीन वर्षांनंतर अखंड बैल दिसेनासा झाला आणि सांध्यांतील पोकळ्या जाणवू लागल्या. साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, चांगला खाटीक वर्षाला. दिंगची सुरी मात्र एकोणीस वर्षे वापरूनही नव्यासारखी धारदार आहे. जीवन कसे जोपासावे हे आज मला कळले, असे राजा म्हणतो.

या कथेतील दोन तपशील महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, दिंगची सहजता वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेली आहे. दुसरा असा की, सांधा गुंतागुंतीचा असेल तेथे तो हात आवरतो, नजर स्थिर करतो आणि सुरी अगदी सावकाश चालवतो. म्हणजे अनायासतेच्या ऐन शिखरावरही जागरूकता सुटलेली नाही. कन्फ्यूशियसनेही पंधराव्या वर्षी अध्ययनाला आरंभ केला आणि सत्तराव्या वर्षी मनाला येईल तसे वागूनही मर्यादा न ओलांडण्याची अवस्था आपणास लाभली, असे सांगितले. अनायासता हे फळ होय. ते बीज नव्हे.

कॅनडातील अभ्यासक एडवर्ड स्लिंगरलँड यांनी २०१४ सालच्या 'ट्राइंग नॉट टू ट्राय' या ग्रंथात नेमका हाच पेच मांडला आहे. प्रयत्न न करण्याचा प्रयत्न करावयाचा तरी कसा? या प्रश्नाला प्राचीन विचारवंतांनी दिलेली निरनिराळी उत्तरे ते आधुनिक मानसशास्त्राच्या प्रकाशात तपासतात. वू वेइ ही केवळ खाजगी मनःशांती नसून, समाजाची मूल्ये मनोमन मुरलेल्या माणसाविषयी इतरांना वाटणाऱ्या विश्वासाशी ती निगडित आहे, हे त्यांचे प्रतिपादन मोलाचे आहे. विषयाला त्यांनी सवंग होऊ दिलेले नाही.

परंतु आपल्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच उभा राहतो. समाजाची मूल्येच अन्यायी असतील तर काय? या देशात अस्पृश्यता पाळणाऱ्या माणसाला त्यासाठी विचार करावा लागत नसे. पाणी वरून ओतणे, सावली टाळणे, पायरीशी थांबवणे हे सारे त्याच्या हातून विनासायास घडे. त्यात संकोच नव्हता की ओढाताण नव्हती. सहजता हीच कसोटी मानली तर ही कृतीही निर्दोष ठरेल! १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेलेल्या लोकांची कृती मात्र अनायास नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांची भीती बाजूला सारून त्यांना एकेक पाऊल टाकावे लागले. म्हणून कृती सहज आहे की नाही, याच्या आधी ती कुशल आहे की अकुशल, हा प्रश्न विचारला पाहिजे. दिंगची कथा हा प्रश्न विचारीत नाही. बैलाचा जीव जातो, याची दखल त्या कथेत नाही. कापणाऱ्या हाताकडून राजाने ज्ञान घेतले हे मोठेच. परंतु त्या हाताला काय मिळाले, हेही ती सांगत नाही. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी जन्माने मारले गेले, त्यांच्या वंशजांना ही उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही.

श्रमाचा हा प्रश्न पुढे चीनमध्येच उघडा पडला. हान फेई या इ.स.पू. तिसऱ्या शतकातील राजनीतिज्ञाने वू वेइचे रूपांतर सत्तेच्या तंत्रात केले. राजाने स्वस्थ बसावे, श्रम मंत्र्यांनी करावेत आणि यश राजाचे व्हावे, असा त्याचा सिद्धान्त. घरातही असेच घडते. घरधनी शांत, प्रसन्न, कशाचीही घाई नसलेला. कारण पहाटेपासून घरातील स्त्री राबते आहे. एकाची अनायासता ही दुसऱ्याच्या आयासावर उभी आहे काय, ही कसोटी प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावी.

मराठीत या संज्ञेसाठी 'निष्काम कर्म' हा शब्द चटकन सुचतो. तो टाळणे इष्ट. गीतेतील निष्काम कर्म स्वधर्माशी आणि त्यायोगे वर्णाशी बांधलेले आहे. वू वेइला वर्णव्यवस्थेचा आधार नाही. तसेच वू वेइला अक्रियावादही समजू नये. पूरण कस्सपाचा अक्रियावाद आणि मक्खली गोसालाचा नियतिवाद तथागतांनी स्पष्ट शब्दांत नाकारला. सुताचा गुंडा उलगडत जावा तसे जीवन आपोआप सरते, वीर्याला व पुरुषार्थाला अर्थ नाही, हे मत बहुजनांच्या अहिताचे आहे, असे त्यांनी मानले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या मतांची नोंद घेतली आहे.

शब्दांची सरमिसळ किती दूर नेते, याचा अनुभव चिनी बौद्धांना होताच. आरंभीच्या भाषांतरकारांनी 'निब्बान' या पदासाठीही 'वू वेइ' हाच शब्द वापरला. पुढे तो 'असंखत' या अर्थी स्थिरावला. इ.स. ६४७ मध्ये कामरूपच्या राजासाठी 'ताओ ते चिंग'चे संस्कृत रूपांतर करण्याची राजाज्ञा झाली, तेव्हा 'ताओ'साठी 'बोधि' हा शब्द घेण्यास ह्युएन त्संगने ठाम नकार दिला आणि 'मार्ग' या शब्दाचा आग्रह धरला. परक्या विचाराचा आदर करावा, परंतु आपला विचार त्यात विरघळू देऊ नये, हा विवेक त्यातून शिकावा.

मग धम्माची भूमिका कोणती? संयुत्तनिकायाच्या आरंभीच एक प्रश्न आहे : भगवंतांनी ओघ कसा पार केला? थांबलो असतो तर बुडालो असतो, धडपडलो असतो तर वाहून गेलो असतो. न थांबता आणि न धडपडता पार झालो, अशा आशयाचे उत्तर तथागत देतात. सोण भिक्षूला त्यांनी वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. अंगुत्तरनिकायात तर असेही सांगितले आहे की, शीलवानाला 'मला पश्चात्ताप न होवो' अशी वेगळी इच्छा करावी लागत नाही. तो होत नाही हा स्वभावनियमच होय. अनायासतेला धम्मात असे निश्चित स्थान आहे. मात्र ते शीलाच्या पायावर. अकुशल उपजू न देणे, उपजलेले त्यागणे, कुशल उपजवणे आणि उपजलेले वाढवणे हा चतुर्विध सम्यक् व्यायाम आधी येतो.

नित्य जीवनात याचा अर्थ साधा आहे. क्रोध आला असता उत्तर देण्यापूर्वी श्वासावर लक्ष ठेवणे पहिल्या महिन्यात कष्टाचे वाटेल. काही वर्षांनी ते आपसूक होईल. खोटे न बोलण्याचा निश्चय आरंभी टोचेल. पुढे सत्य सांगण्यासाठी शब्द शोधावे लागणार नाहीत. कामात अडचणीचा सांधा आला की दिंगप्रमाणे हात आवरावा. आणि अन्यायासमोर 'ओघाबरोबर जावे' असे कोणी सांगू लागले, तर हा ओघ कोणी वळवला आहे, असे त्याला विचारावे.

चिनी विचारवंतांकडून आपण हलक्या हाताने काम करावयास शिकावे. परंतु कोणते काम हाती घ्यावयाचे, याचा निर्णय प्रज्ञा, शील आणि करुणा यांनीच करावयाचा आहे. तो निर्णय कधीही अनायास होत नाही.